जुन्या कॅरव्हानच्या खिडक्या काढून पुन्हा बसवताना

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. लाकडी सांगाडा, बाहेरून ॲल्युमिनियमचा पत्रा, आतून प्लाय अशी गाडीमागे ओढायची जुनी कॅरव्हान तुम्ही नागपुरात आणून ठेवली आहे. खिडक्या पाच. चार सरकत्या काचेच्या, ॲल्युमिनियम चौकटीच्या. मागची एक ॲक्रिलिकची, वरून टांगलेली, बाहेर ढकलून उघडणारी. मागच्या वर्षी गॅरेजवाल्याने सगळ्या खिडक्यांना बाहेरून चारी बाजूंनी सिलिकॉन मारून दिलं. तरी झडी लागली तेव्हा दोन खिडक्यांखाली पाणी आलंच आणि आतला प्लाय काळा पडला. आता कोणतं सिलिकॉन घ्यावं आणि मृग लागायच्या आत काम उरकेल का, असं तुम्ही विचारता.

काम उरकेल. सिलिकॉन मात्र कोणतंच घेऊ नका. तुमची अडचण सीलंटच्या ब्रँडची नाही, सीलंट लावलेल्या जागेची आहे. चौकटीला बाहेरच्या बाजूने एक सपाट ओठ असतो, वीस-पंचवीस मिलिमीटर रुंद. तो पत्र्यावर टेकतो. पाणी अडवतो तो या ओठाखाली दाबला गेलेला थर. तो थर वीस वर्षांत वाळून भुगा झाला असेल, तर ओठाच्या कडेला मारलेली सिलिकॉनची लाइन म्हणजे कवेलू सरकलेलं असताना आतून छताला चुना फासण्यासारखं आहे. पहिला पाऊस निघतो, दुसरा निघत नाही.

आपल्याकडे तर ही लाइन आणखी लवकर सुटते. डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा आठ-दहा अंशांवर येतो आणि नवतप्यात उन्हात उभ्या गाडीचा पत्रा पासष्ट-सत्तरपर्यंत तापतो. साठ अंशांचा फरक धरा. एवढ्या फरकात एक मीटर ॲल्युमिनियम सुमारे १.४ मिलिमीटर लांबतं, काच अर्धा मिलिमीटर आणि ॲक्रिलिक चार मिलिमीटरहून जास्त. लाकूड उष्णतेने जवळपास लांबत नाही, ते ओलीने फुगतं. म्हणजे चौकट, काच, पत्रा आणि लाकूड रोज आपापल्या चालीने सरकत असतात. मळकट कडेवर चिकटवलेली दोन मिलिमीटरची सिलिकॉनची पट्टी या ओढाताणीत एका बाजूने सुटते. सुटलेली दिसत नाही, कारण वरून ती छान सलग वाटते. मग केशाकर्षणाने पाणी आत ओढलं जातं, आणि खालची बाजूही सिलिकॉनने बंद केलेली असल्यामुळे त्याला बाहेर पडायला वाट उरत नाही. तुमच्या प्लायचं नुकसान पावसाने केलं तेवढंच त्या खालच्या लाइनीनेही केलं असणार.

खिडक्यांना हात लावण्याआधी पाणी खरोखर खिडकीतूनच येतं ना, हे तपासा. भिंतीच्या आत शिरलेलं पाणी सांगाड्याच्या आडव्या पट्टीवरून वाहत जातं आणि जिथे छेद असेल तिथे बाहेर पडतं. तो छेद बहुतेक वेळा खिडकीच असते. छपराचा सांधा, छपरावरची झडप, ताडपत्री अडकवायची पट्टी, दिव्याची वायर आत जाते ते भोक, यांतलं काहीही मूळ असू शकतं. खिडकीच्या वरच्या कडेपासून छपरापर्यंतचा भाग प्लास्टिक आणि टेपने झाकून टाका आणि फक्त खिडकीवर दहा मिनिटं पाणी सोडा. आत ओल आली तर खिडकी दोषी. नाही आली तर प्लास्टिक काढून छपरावर पाणी सोडा. दोन्ही दोषी निघाले तर आधी छप्पर करा. वरून पाझर चालू ठेवून खालच्या खिडक्या बसवल्या तर नवं लाकूडही सडेल.

काढताना

एका वेळी एकच खिडकी काढा. पाचही काढून गाडी मोकळी केली की भिंत थोडी झोल खाते आणि चौकट परत जाताना एका कोपऱ्यात अडते. काढल्याबरोबर भोकाचे दोन्ही कर्ण मोजून आतल्या भिंतीवर पेन्सिलने लिहा. दोन कर्णांत तीन मिलिमीटरपर्यंत फरक चालतो. जास्त असेल तर आधी सांगाडा बघावा लागेल. प्रत्येक चौकटीवर मास्किंग टेप लावून क्रमांक आणि वरची बाजू लिहा. दिसायला चारही सारख्या असल्या तरी हाताने बनवलेल्या गाडीत त्या एकमेकींच्या जागी बसत नाहीत.

स्क्रूंवर झाकणाची रबरी किंवा प्लास्टिकची पट्टी असेल तर ती एका टोकापासून ओढून काढा. ती परत वापरू नका, कडक झालेली असते. गंजलेल्या लोखंडी स्क्रूभोवती पांढरी भुकटी दिसेल. लोखंड आणि ॲल्युमिनियम ओलीत एकत्र आले की ॲल्युमिनियम झिजतं, त्याची ती राख. अशा स्क्रूचं डोकं तुटणारच. त्याला जोर न लावता डोकं ड्रिलने उडवा आणि दांडी नंतर पकडीने फिरवून काढा.

चौकट सोडवायला पटाशी एकाच ठिकाणी घालून उचकटायची नाही. ॲल्युमिनियमचा ओठ एकदा वाकला की परत सपाट होत नाही, आणि त्या लाटेखाली कुठलाही सीलंट टिकत नाही. पातळ लवचीक सुरी किंवा मासेमारीचा जाड नायलॉन दोरा ओठाखाली घालून चारी बाजूंनी कापत या. जुनं डांबरी मॅस्टिक असेल तर दुपारी दोन ते चार ही वेळ उत्तम. हीट गनची गरज पडत नाही, आपलं ऊन पुरतं. बाहेर एक माणूस काच धरायला हवाच, कारण चौकट सुटते तेव्हा अचानक सुटते.

सफाई

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. एका खिडकीला आठ तास लागत असतील, तर त्यातले पाच सफाईचे असायला हवेत.

तुमच्या बाबतीत जुनं सिलिकॉन ही खरी डोकेदुखी आहे. वाळलेल्या सिलिकॉनवर दुसरं काहीही धड चिकटत नाही, नवं सिलिकॉनसुद्धा नाही. थिनर, एसीटोन, रॉकेल यांनी ते विरघळत नाही. फक्त त्याचा न दिसणारा तेलकट थर आणखी पसरतो. म्हणून क्रम महत्त्वाचा: आधी खरडायचं, मग पुसायचं, मग घासायचं. आधीच पॉलिश पेपर मारला तर सिलिकॉन ओरखड्यांत भरून बसतं आणि तिथून ते निघत नाही. खरडायला प्लास्टिकची पट्टी किंवा धार गेलेलं ब्लेड आडवं धरून वापरा. मोठं निघालं की अंगठ्याने चोळा, उरलेल्याच्या वळकट्या होऊन निघतात. त्यावर सिलिकॉन काढायचं तयार जेल मिळतं, ते सांगितलेल्या वेळेपुरतं लावून पुन्हा खरडा. शेवटी हिरव्या स्क्रबरने पत्रा हलका घासा.

साफ झालं का हे डोळ्यांनी कळत नाही, पाण्याने कळतं. फवाऱ्याने पाणी मारा. स्वच्छ, घासलेल्या पत्र्यावर ते सलग पसरतं. सिलिकॉनचा थर राहिला असेल तिथे थेंब थेंब होऊन सरकतं. त्या जागा पेन्सिलने गोल करा आणि पुन्हा सुरू करा. कंटाळवाणं आहे, पण याला पर्याय नाही.

शेवटची पुसणी आयसोप्रोपिल अल्कोहोलने, दोन फडक्यांनी: एक ओलं, त्याच्या मागोमाग एक कोरडं. फडकं पांढरं आणि न रंगवलेलं हवं, जुनं धोतर सगळ्यात चांगलं. अल्कोहोल मळ सोडवतं, उचलत नाही. उचलायचं काम कोरड्या फडक्याचं. एप्रिलच्या दुपारी तापलेल्या पत्र्यावर अल्कोहोल फडकं फिरवायच्या आत उडून जातं आणि मळ तिथेच राहतो. म्हणून हे सकाळी, गार पत्र्यावर, एका वेळी फूटभर जागा घेऊन करा.

लाकूड

प्लाय काळा पडला म्हणजे सडलाच असं नाही. काळेपणा नुसत्या बुरशीचाही असतो. टोकदार पेचकस किंवा आरी घेऊन खिडकीच्या भोकाभोवती दर दोन इंचांवर टोचून बघा. कडक लागलं तर वाळवून वापरता येतं. टोक चार-पाच मिलिमीटर सहज आत गेलं तर ते लाकूड गेलं. खालची आडवी पट्टी आणि खालचे दोन कोपरे आधी जातात. सडका भाग संपतो तिथे न थांबता त्यापुढे चांगल्या लाकडात दहा-पंधरा सेंटिमीटरपर्यंत कापा, कारण कूज दिसते त्यापुढे पोचलेली असते.

नवी पट्टी सागाची घ्या. लकडगंजमध्ये हव्या त्या मापाची चिरून मिळते. फक्त वाळलेली बघून घ्या, ओली पट्टी उन्हात वळते. आतला प्लाय बदलायचा तर आयएस ७१० शिक्क्याचा, म्हणजे मरीन. आयएस ३०३ चा प्लाय सामानाच्या कपाटांना ठीक आहे, खिडकीखाली नको. ओलावा मोजायचं छोटं यंत्र मिळालं तर उत्तम: पंधरा टक्क्यांच्या खाली आल्याशिवाय लाकूड बंद करू नका, कारण साधारण वीस टक्क्यांच्या वर बुरशीला जगायला पुरेशी ओल असते. या बाबतीत नागपूरचा उन्हाळा आपल्या बाजूचा आहे. मार्च-एप्रिलच्या कोरड्या हवेत आतून पंखा लावून ठेवला तर ओला सांगाडा दोन-तीन आठवड्यांत वाळतो. कोकणातल्या माणसाला हे सुख नाही.

वाळल्यावर भोकाच्या चारी कडांना पातळ इपॉक्सीचे दोन हात द्या. प्लाय पाणी पितो तो कापलेल्या कडेने, सपाट बाजूने नाही. जुन्या स्क्रूंची सैल भोकं आगपेटीच्या काड्या कोंबून घट्ट करण्याची पद्धत आहे. ती एक उन्हाळा टिकते. भोक आठ मिलिमीटरच्या ड्रिलने मोठं करा, सागाची खुंटी इपॉक्सीत बुडवून ठोका, दुसऱ्या दिवशी सपाट कापा आणि नवं भोक पाडा.

तुमच्या गाडीत एखाद्या बाजूला लाकडाऐवजी लोखंडी चौकोनी पाइप निघाला, तर तिथे स्क्रूऐवजी रिव्हेट येतील. साध्या पॉप रिव्हेटच्या मधल्या भोकातून पाणी आत जातं, त्यामुळे बंद टोकाचे रिव्हेट मागा. दुकानदार "सगळे सारखेच" म्हणेल. सारखे नसतात.

चौकट आणि काच

चौकट टेबलावर आडवी घेऊन खालची पन्हळ बघा. सरकत्या खिडकीच्या खालच्या पन्हळीत पाणी येणारच, तसं ते यावं अशीच तिची रचना असते. ते बाहेर पडायला पन्हळीच्या बाहेरच्या भिंतीला दोन-तीन भोकं किंवा चिरा असतात. धूळ, रंग आणि सिलिकॉनने त्या बुजलेल्या असतात. सायकलच्या स्पोकने मोकळ्या करा. भोकंच नसतील तर सहा मिलिमीटरची तीन पाडा, दोन टोकांपासून चार-चार इंच आत आणि एक मध्ये. भोक फक्त बाहेरच्या भिंतीत आणि अगदी तळाशी हवं. तळातच पाडलं तर पाणी थेट लाकडावर जाईल. मग कपभर पाणी पन्हळीत ओता. पाच-सात सेकंदांत सगळं बाहेर पडलं पाहिजे. "खिडकी गळते" म्हणून येणाऱ्या तक्रारींपैकी बऱ्याच एवढ्यावरच मिटतात.

चौकटीचे कोपरे जिथे दोन तुकडे जोडलेले असतात, तिथेही पाणी झिरपतं. आतून स्वच्छ करून त्या सांध्यात पीयू (पॉलियुरेथेन) सीलंटचा थेंब भरा आणि बोटाने दाबा. काचेला घासणारी लोकरीची पट्टी, जिला दुकानात वूल पाइल म्हणतात, ती बदलाच. स्वस्त असते आणि वीस वर्षांत तिचं टक्कल पडलेलं असतं.

काच शाबूत असेल तर तीच ठेवा. फुटली असेल तर टफन काचच घ्या, आयएस २५५३ चा शिक्का बघून. टफन काच भट्टीतून निघाल्यावर कापता किंवा घासता येत नाही, कडेला धार लावायचा प्रयत्न केला तरी तिचे दाणे होतात. म्हणून माप तोंडी देऊ नका. हार्डबोर्डचा साचा कापा, तो पन्हळीत बसवून बघा, कोपऱ्यांचे गोल तपासा आणि तो साचाच काचवाल्याला द्या. पन्हळीच्या तळापासून तळापर्यंतच्या मापापेक्षा काच पाच-सहा मिलिमीटर लहान हवी. न सरकणाऱ्या काचेखाली, रुंदीच्या पाव-पाव अंतरावर, तीन मिलिमीटर जाडीचे कडक रबराचे दोन ठोकळे ठेवा. काच कुठेही धातूला टेकता कामा नये. टेकली की खड्ड्यात गाडी आपटते तेव्हा तिथूनच तडकते. गडद काचेचा मोह होतो, पण मोटार वाहन नियमांत बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के प्रकाश आरपार जायला हवा, हे लक्षात ठेवून मागणी द्या.

काचेभोवतीचं रबर ईपीडीएमचं (ऊन-पावसात टिकणारं कृत्रिम रबर) घ्या. वाडीच्या बाजूला ट्रक-बसच्या बॉडीची कामं होतात, तिकडे जुन्या रबराचा चार इंचाचा तुकडा घेऊन जा आणि आडवा छेद जुळवून आणा. मोबाइलवरचा फोटो दाखवून आणलेलं रबर हमखास चुकतं. ते ताणून बसवू नका. ताणून बसवलं तर आठवड्यात आखडून कोपऱ्यात फट पडते. मापापेक्षा एक-दीड टक्का जास्त कापा, म्हणजे मीटरला दहा-पंधरा मिलिमीटर, आणि दाबत दाबत जिरवा. साबणाचं पाणी किंवा ग्लिसरीन लावलं की सरकतं. रॉकेल, ग्रीस, व्हॅसलीन नको, त्याने ईपीडीएम फुगतं. रबराचा सांधा वरच्या बाजूला मध्यावर ठेवा, कारण खालच्या पन्हळीत पाणी साचून असतं.

काय लावायचं

इथे थोडं परिस्थितीवर आहे. चौकट स्क्रूंनी पकडलेली असेल, जशी तुमची आहे, तर माझी पसंती ब्यूटाइल टेपला: दोन्ही बाजूंनी चिकट, कधीच न वाळणारी, तीन मिलिमीटर जाड आणि ओठापेक्षा पाचेक मिलिमीटर कमी रुंद. ती गोंद नाही. पकडायचं काम स्क्रूंचं, टेपने फक्त फट भरायची आणि धातूच्या हालचालीबरोबर हलायचं. दहा वर्षांनी खिडकी पुन्हा काढायची वेळ आली तर ती निमूट सुटते.

पीयू सीलंट, सिकाफ्लेक्ससारखं, उत्तम गोंद आहे, आणि तीच त्याची अडचण. ओठाखाली ते भरलं तर पुढच्या वेळी खिडकी तारेने कापून काढावी लागेल आणि एक मिलिमीटरचा पत्रा सोबत वाकेल. स्क्रू नसलेल्या, नुसत्या चिकटवलेल्या काचा असतील तरच ते वापरा. कडेच्या बारीक लाइनीला एमएस पॉलिमर नावाचं लवचीक सीलंट घ्या. त्यावर रंगही बसतो. व्हिनेगरसारखा वास येणारं स्वस्त सिलिकॉन वाळताना ॲसिड सोडतं, ॲल्युमिनियमजवळ त्याचं काही काम नाही.

सामानाचा अंदाज देतो. खिडकी ९०० बाय ५०० मिलिमीटरची धरली तर घेर २.८ मीटर, चार खिडक्यांचे ११.२. मागच्या खिडकीची वरची पट्टी आणि काही ठिकाणचा दुहेरी थर धरून सोळा मीटर टेप आणा. कडेच्या लाइनीला ३०० मिलिलीटरची एक नळी सगळ्या खिडक्यांना पुरून उरेल. स्क्रू स्टेनलेस, ३०४ ग्रेडचे, ८ नंबर, एक इंची, एका खिडकीला तीसेक.

बसवताना

सकाळी सहा ते नऊ. सावलीत, टिनाच्या शेडखाली असेल तरी सकाळीच. ब्यूटाइल चाळीस अंशांवर इतकी मऊ होते की कागद सोलताना तार सुटते आणि एकदा पत्र्याला टेकली की जागा बदलता येत नाही. टेपचा रोल रात्री फ्रीजमध्ये ठेवला तर काम बरंच सोपं होतं. काढल्यावर पाच-दहा मिनिटं थांबा, त्यावर दव धरतं.

टेप पत्र्यावर लावायची नाही, चौकटीच्या ओठाच्या मागच्या बाजूला लावायची. खालच्या बाजूच्या मध्यावरून सुरू करा, फिरत या, तिथेच संपवा. रबराचा सांधा वर सांगितला आणि टेपचा खाली, यात विसंगती नाही. टेपवर पाणी वरून वाहत येतं, ते अडवायला वरची बाजू आणि दोन्ही कोपरे अखंड हवेत. खाली आलेलं पाणी ठिबकून जातं. टोकाला टोक तिरकं कापून भिडवा, एकावर एक चढवू नका. गोल कोपऱ्यात टेप ओढली की ती दोन मिलिमीटरची होते आणि गळती तिथूनच सुरू होते. ओढू नका, बोटाने ढकलत वळवा. वरचा संरक्षक कागद अजून काढू नका.

कागदासकट चौकट भोकात धरून बघा. चारी बाजूंना तीन ते पाच मिलिमीटर मोकळं हवं. मग पत्र्याकडे डोळा लावून बाजूने बघा. जुन्या स्क्रूंनी पत्रा जिथे आत ओढलाय तिथे खड्डा दिसेल. त्या खड्ड्यावर टेपचा एक जादा तुकडा लावा. पत्र्याचा आडवा सांधा किंवा उठावाची रेघ खिडकीखालून जात असेल तर तिच्या दोन्ही बाजूंनाही लावा.

आता कागद काढून दोघांनी मिळून चौकट आधी खाली टेकवा, मग वर झुकवा. स्क्रू हातानेच, साध्या स्क्रूड्रायव्हरने. प्रत्येक स्क्रूच्या दांडीला ब्यूटाइलचा छोटा मणी गुंडाळा. चार कोपरे, मग समोरासमोरचे मधले, जसे चाकाचे नट आवळतो तसे, तीन फेऱ्यांत. बॅटरीच्या ड्रिलने एका दमात आवळलं तर सगळी टेप एका बाजूने बाहेर पडते आणि ओठ पत्र्याला टेकतो. टेकला म्हणजे तिथे सील राहिलंच नाही. आत दीड मिलिमीटर तरी थर उरला पाहिजे.

कधी थांबायचं हे टेपच सांगते. ओठाच्या कडेने काळी बारीक रेघ डोकावू लागते. ती चारी बाजूंनी सारखी आली की थांबा. एखाद्या वीतभर जागेत आली नाही तर तिथे स्क्रू पिळू नका, पिळून ती येत नाही, पत्रा आणखी आत जातो. त्या बाजूचे स्क्रू सैल करून फटीत तुकडा सरकवा, नाहीतर सरळ उतरवून पुन्हा लावा.

बाहेर आलेलं लगेच कापू नका. तीन-चार दिवस उन्हात तापू द्या, टेप आणखी बसते. मग सकाळी स्क्रूंना अर्धा-पाव वेढा द्या आणि कडेचं ब्यूटाइल प्लास्टिकच्या पट्टीला साबणाचं पाणी लावून कापा. उघडं ब्यूटाइल धूळ धरतं, म्हणून वरची बाजू आणि दोन उभ्या बाजूंना एमएस पॉलिमरची पाच मिलिमीटरची लाइन द्या. खालची बाजू उघडी ठेवा. गॅरेजवाला "राहिली" म्हणून ती भरून देईल, त्याला आधीच सांगून ठेवा. अशी सीलंट हवेतल्या ओलीवर वाळतात, त्यामुळे मेमध्ये वरून लगेच साय धरते पण आतून वाळायला नेहमीपेक्षा जास्त दिवस लागतात. शेडमध्ये कूलर चालू असला तर बरंच, फक्त त्याचा झोत सांध्यावर नको, थेंब उडतात.

मागची ॲक्रिलिकची

हिला वेगळं वागवा. थिनर, एसीटोन, पेट्रोल यांचा एक हात लागला की ॲक्रिलिकमध्ये कोळ्याच्या जाळ्यासारख्या चिरा पडतात. पीयू सीलंटही तिच्यावर नको. साबणाचं कोमट पाणी आणि मऊ कापड, बस. वरची ॲल्युमिनियमची पट्टी, जिच्यात खिडकी अडकते, ती टेपवर बसवा आणि तिची दोन्ही टोकं बंद करा. पाणी पट्टीच्या पोकळीतून टोकाकडे जातं आणि नेमकं खिडकीच्या आतल्या बाजूला पडतं. भोकाभोवतीचं फुगीर रबर नवं घ्या. बसवल्यावर कागदाची पट्टी मध्ये धरून खिडकी बंद करा आणि ओढा. दर सहा इंचांवर सारखी अडकत यावी. सुटून येते तिथे कडीची जागा सरकवा. दोन थरांची असेल आणि आत वाफ धरत असेल तर कडेला छोटी बुचं असतात, ती काढून कोरड्या दिवसात उघडी ठेवा. उन्हात उभी करताना आतला चंदेरी पडदा पूर्ण ओढून ठेवू नका. काच आणि पडद्यामध्ये उष्णता कोंडून ॲक्रिलिक वाकडं होतं, सावली बाहेरून करा.

पाण्याची परीक्षा

ब्यूटाइलची लगेच घेता येते, कडेच्या लाइनीसाठी आठवडा थांबा. बागेचा पाइप, साधी धार. गाडी धुवायचा प्रेशर पंप नको, त्यासमोर कोणतीच खिडकी टिकत नाही. खालून सुरू करा: पाच मिनिटं खालची बाजू, मग उभ्या बाजू, मग वरची. वरून सुरू केलं तर पाणी नेमकं कुठून आलं ते कळत नाही. आतला प्लाय अजून न लावता उघड्या लाकडावर खडूची भुकटी पसरा, थेंबाची वाट तिच्यावर स्पष्ट उमटते.

आता मृगाचं. छप्पर तपासणी आणि पहिली खिडकी काढणं मार्चच्या सुरुवातीला, लाकूड वाळवणं एप्रिल मध्यापर्यंत, बसवणं मेच्या पहिल्या पंधरवड्यात, पाण्याची परीक्षा महिनाअखेर. नागपुरात पाऊस साधारण जूनच्या मध्यावर स्थिरावतो, त्यामुळे हाताशी दोन आठवडे उरतात. एखादी खिडकी परत उतरवावी लागतेच, ते दोन आठवडे तिच्यासाठी. आतला प्लाय मात्र पहिली झडी बघून मगच ठोका. आणि पोळ्याच्या सुमारास सगळ्या पन्हळींत पुन्हा कपभर पाणी ओता. ते उभं राहिलं तर स्पोक परत हातात घ्या, रस्त्याच्या चिखलाने भोकं बुजलेली असतात.